जपमाळ घेताना मी आधी दोरा बघते

माझं आयुष्य ब्लाऊज शिवण्यात गेलं. त्यामुळे ओवलेली किंवा शिवलेली वस्तू हातात आली की नजर पहिल्यांदा दोऱ्यावर आणि गाठीवर जाते. जपमाळेचंही तसंच. दुकानदार मण्यांची महती सांगत असतो आणि मी माळ उलटी धरून मेरुमण्याखालची, म्हणजे माळ जिथं सुरू होते आणि संपते त्या टोकाच्या मण्याखालची, गाठ बघत असते. आमच्या सोलापुरातल्या जपाच्या मंडळातल्या बायका तुटलेल्या, सैल झालेल्या माळा माझ्याकडे आणून देतात, मी त्या पुन्हा ओवून देते. त्यातून बऱ्याच तऱ्हांच्या माळा हाताखालून गेल्या. तुळशीची, रुद्राक्षाची आणि स्फटिकाची अशा तीन माळा मी स्वतः रोजच्या जपाला वापरून पाहिल्या. जप नव्यानं सुरू करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

माझा मंत्र ‘श्रीराम जय राम जय जय राम’. समर्थांनी नाशिकजवळ टाकळीला ज्या त्रयोदशाक्षरी, म्हणजे तेरा अक्षरी, मंत्राचं पुरश्चरण (ठरलेल्या संख्येचा नेमानं केलेला जप) केलं तोच हा. १८४५ ते १९१३ या काळात होऊन गेलेल्या गोंदवलेकर महाराजांनी तो साताऱ्याच्या माण तालुक्यातून घराघरांत नेला. मनातल्या मनात, घाई न करता म्हटला तर एका वेळेला साधारण तीन सेकंद लागतात. म्हणजे १०८ मण्यांची एक माळ पाच-सहा मिनिटांची. हा हिशेब आधी सांगते, कारण माळ कोणती घ्यावी हे मला त्यावरून ठरवावंसं वाटतं. नुसतं ‘राम’ म्हणणाऱ्याचा मणी झरझर पुढे जातो, गायत्रीची चोवीस अक्षरं म्हणणाऱ्याचा मणी बोटात बराच वेळ थांबतो. दोघांना एकच माळ सोयीची पडणार नाही. झरझर फिरवायची असेल तर लहान, हलके, गुळगुळीत मणी हवेत. मंत्र लांब असेल तर मोठा मणीही चालतो, उलट तो बोटांत नीट धरता येतो.

आता मुख्य माळ. ही पंढरपूरची, तुळशीची, आठ मिलिमीटर मण्यांची, प्रत्येक दोन मण्यांमध्ये गाठ असलेली. महाद्वारातून प्रदक्षिणा मार्गाकडे वळलं की दोन्ही बाजूंना बुक्का, अष्टगंध, गोपीचंदन, टाळ आणि माळांची दुकानं लागतात. पंढरपुरात काशीकापडी समाजाची घरं पिढ्यान्‌पिढ्या तुळशीच्या माळा करत आली आहेत. वाळलेल्या तुळशीच्या काड्या तोडायच्या, मणी कातायचे, भोक पाडायचं, ओवायचं, हे सगळं घरातली माणसं मिळून करतात. मी गेले ते दुकान अशाच एका घराचं, आत एका गल्लीत. पाटीपेक्षा दारावर टांगलेल्या माळांनीच ओळखू येणारं. दुकानात बसलेल्या मावशींनी पहिला प्रश्न विचारला, “ताई, गळ्यात घालायची का जपाची?” हा प्रश्न विचारणारं दुकान मला आवडतं. गळ्यातली माळ वारकऱ्याच्या नेमाची असते. ती घालायची तर एकादशी, वारी, मांस-मद्य वर्ज्य हे सगळं तिच्याबरोबर येतं, आणि रीतीप्रमाणे ती कुणा वडीलधाऱ्या वारकऱ्याच्या हातून घालून घेतात. जपाची माळ मोजणीसाठी. ती गोमुखीत, म्हणजे आत हात घालून जप करायच्या कापडी पिशवीत, किंवा देवघरात ठेवायची. रस्त्यावरची बरीच दुकानं दोन्हींना एकच माळ दाखवतात.

मावशींनी दोन प्रकार पुढे ठेवले. बिनगाठीची १२० रुपयांना, गाठीची २२० रुपयांना. शंभर रुपये जास्त कशाचे, असं माझ्या बरोबर आलेल्या जावेनं विचारलं. मला विचारायची गरज नव्हती. शंभरावर गाठी, त्याही एका मापाच्या आणि मण्याला अगदी चिकटून बसलेल्या, मारायला किती वेळ लागतो हे मला माहीत आहे. गाठीचा उपयोग तीन तऱ्हेचा. अंगठ्याला एक मणी संपला हे डोळे मिटूनही कळतं, दोन मणी एकदम पुढे सरकत नाहीत. मणी मण्यावर घासत नाही, त्यामुळे भोकाच्या कडा झिजत नाहीत. आणि दोरा तुटलाच तर एखाददुसराच मणी सुटतो, सगळी माळ घरंगळत नाही. बिनगाठीच्या माळा ओवून घ्यायला आलेल्या बायका पलंगाखाली झाडू फिरवून मणी गोळा करून आणतात, आणि तरी चार-पाच कमीच भरतात.

तुळस खरी की दुसरं कुठलं लाकूड, हे ओळखायच्या काही साध्या खुणा आहेत. तुळशीच्या काडीत मधे मऊ गाभा असतो आणि भोक त्याच गाभ्यातून जातं, म्हणून भोकाची कड अगदी कापल्यासारखी रेखीव दिसत नाही. ताजा मणी फिकट पिवळसर असतो, हाताच्या स्पर्शानं महिन्या-महिन्यानं तपकिरी होत जातो. नवीकोरी माळच एकसारखी गडद, चकचकीत असेल तर ओला रुमाल घासून बघायचा. रंग असेल तर रुमालावर उतरतो. मोठ्या मण्यांच्या बाबतीत जास्त जपायचं, कारण तुळशीची काडी फार जाड होत नाही. बोराएवढे एकसारखे १०८ मणी तुळशीचे म्हणून कुणी स्वस्तात देत असेल तर मी ते घेणार नाही. आणि वाळलेल्या तुळशीच्या लाकडाला वास जवळजवळ नसतोच. घमघमणारी माळ म्हणजे अत्तर चोळलेलं.

दुकानात मी अजून दोन गोष्टी करते. पहिली, मणी मोजते. मोजायला वेळ लागतो, मागे गिऱ्हाईक खोळंबतं, पण मी थांबत नाही. १०५ भरलेल्या आणि ११० भरलेल्या अशा दोन्ही माळा माझ्याकडे दुरुस्तीला आल्या आहेत. दुसरी, मेरुमण्यापासून दहा मणी मनात मंत्र म्हणून ओढून बघते. मधल्या बोटावर माळ, अंगठ्यानं ओढायचं, तर्जनी बाजूला, अशी आपली रीत. दहा मण्यांतच कळतं की मणी बोटावर वळतो आहे का, गाठ नखाला टोचते आहे का, माळ गच्च ओवली आहे का. गच्च ओवलेली माळ काठीसारखी ताठ राहते, बोटावरून खाली पडत नाही. प्रत्येक मण्याला जरासा ढिलेपणा हवा. मावशींच्या माळेत तो अगदी मापात होता.

या माळेची एकच तक्रार आहे, गोंड्याची. लाल गोंड्याचा रंग कच्चा होता. उन्हाळ्यात घामानं तळहात लाल व्हायचा आणि पांढऱ्या गोमुखीला डाग पडले. मी तो काढून पांढऱ्या सुताचा गोंडा लावला. गोंडा फक्त शोभेचा म्हणून सोडून देऊ नका. पहाटे दिवा लावण्याआधी जप करणाऱ्याला मेरुमणी आला हे गोंडाच हाताला सांगतो. मेरू ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची, हे सगळ्यांना माहीत असतं. बिनगोंड्याच्या माळेत अंधारात तेच नेमकं चुकतं.

रोज वापरूनही दोऱ्याला काही झालेलं नाही, मणी गुळगुळीत झाले आहेत, रंग छान तपकिरी आला आहे. ही माळ मी पाण्यात बुडवत नाही, कोरड्या सुती फडक्यानं पुसते. तेलही लावत नाही, कारण तेलावर धूळ बसते आणि दोरा काळा पडतो.

खरेदीला आषाढी-कार्तिकीच्या गर्दीत जाऊ नका. त्या दिवसांत कोणालाच नीट दाखवायला आणि आपल्याला नीट बघायला वेळ नसतो. पौर्णिमेचा गोपाळकाला होऊन गाव मोकळं झालं की जावं. एकादशी आणि शनिवार-रविवार सोडून कुठलाही दिवस घ्या.

रुद्राक्षाची माळ माझ्या दिरांनी त्र्यंबकेश्वरहून आणली. पाच मुखी (मण्यावर वरून खालपर्यंत पाच रेघा असलेली), इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या बारीक मण्यांची, सात मिलिमीटर, ४५० रुपये. बाजारात दोन ठिकाणचा रुद्राक्ष येतो. नेपाळचा मोठा आणि खोल रेघांचा, इंडोनेशियाचा बारीक. जपाला बारीकच बरा. नेपाळी मोठ्या मण्यांची १०८ची माळ जड होते आणि इतकी लांब होते की गोमुखीत मावत नाही. रुद्राक्षाच्या मण्याला मूळची खडबड असते, त्यामुळे अंगठ्याला तो मणी तुळशीपेक्षा स्पष्ट लागतो. झोप येत असेल अशा पहाटेच्या जपाला मला हीच माळ आवडते. पण सलग दहा माळा केल्या की अंगठ्याची कड हुळहुळते. वापरायला काढण्याआधी कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशनं रेघांतली घाण काढली, सावलीत वाळवली आणि तिळाच्या तेलाचा हात फिरवला. हे तेल मी फक्त रुद्राक्षाला लावते, तेही दोरा बदलतानाच, मणी सुटे असताना.

मुखांच्या गोष्टीबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. पाच मुखी रुद्राक्ष झाडाला सगळ्यात जास्त धरतो, म्हणून तो स्वस्त. स्वस्त म्हणजे कमी प्रतीचा असं मुळीच नाही. जपाला पाच मुखीची माळ पूर्ण आहे. एक मुखी, गौरीशंकर, चौदा मुखी अशी नावं घेऊन हजारो रुपये मागतात, आणि कोरून किंवा चिकटवून केलेले नकली मणीही तिथेच जास्त असतात. पाण्यात बुडला म्हणजे खरा, दोन तांब्याच्या नाण्यांमध्ये धरला की फिरतो म्हणजे खरा, हे दाखवून माणसाला भुलवतात. लाकडाचा कोरलेला जड तुकडाही बुडतो, आणि खरा पण नीट न वाळलेला किंवा आतून पोकळ असलेला मणी तरंगू शकतो. नाण्यांमध्ये तर कुठलीही खडबडीत गोल वस्तू फिरते. मुखं खरी आहेत का हे एक्स-रे काढून आतल्या बियांच्या कप्प्यांवरून कळतं, आणि तशा तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. नामस्मरण करायला निघालेल्या माणसानं त्या वाटेला जाऊच नये असं माझं मत आहे. आमच्या मंडळातल्या एका विधवा बाईनं भिशीचे पैसे घालून असा एक मणी घेतला होता. त्या पैशात तिचे गोंदवल्याला जाणं-येणं आणि नातवाची वह्या-पुस्तकं झाली असती. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

स्फटिकाची माळ भाच्यानं ऑनलाइन मागवून भेट दिली. चित्र सुंदर, प्रमाणपत्राचं कार्डही बरोबर, किंमत २९९ रुपये. हातात घेतली तेव्हाच शंका आली. खरा स्फटिक हाताला गार लागतो आणि बराच वेळ गार राहतो, ही माळ लगेच कोमट झाली. उन्हात धरली तर दोन मण्यांत गोल बुडबुडे दिसले. बुडबुडे काचेत असतात. खऱ्या स्फटिकात असल्याच तर बारीक धाग्यांसारख्या किंवा धुरासारख्या रेषा असतात. भाच्याला मी हे सांगितलं. त्यानं परत पाठवायचा प्रयत्न केला, विकणाऱ्यानं उत्तरच दिलं नाही. पुढे माझ्या बहिणीनं ओळखीच्या सराफाकडून खरी माळ दिली, ती मी वापरली. ती सुंदर आहे, उन्हाळ्यात हाताला फार बरं वाटतं. पण दोऱ्याच्या बाजूनं बघणारीला ही माळ सतत काळजीत ठेवते. स्फटिक कठीण, भोकाची कड धारदार. ती कड सुती दोरा कापते. जाड, पक्का दोरा आणि मण्यामण्यांत गाठ नसेल तर रोजच्या जपाला ती टिकणार नाही. मी तिला नवरात्रात देवीच्या जपाला काढते, एरवी डब्यात असते.

चंदनाबद्दल थोडंसं. स्वस्त ‘चंदन माळ’ बहुतेक वेळा दुसऱ्याच लाकडावर सुगंधी तेल चोळून केलेली असते. महिन्यात वास जातो आणि मग घासलं तरी परत येत नाही. खऱ्या चंदनाच्या गाभ्याचा मणी जरा घासला की पुन्हा दरवळतो. वैजयंतीची माळ हलकी आणि स्वस्त, तिच्या बियांना निसर्गतःच भोक असतं. मुलांना शिकवायला ती छान. कमळगट्ट्याचे, म्हणजे कमळाच्या बियांचे, मणी माझ्या हाताला मोठे होतात.

आता सासूबाईंची गोष्ट, कारण वयस्क माणसांसाठी माळ घेणारे बरेच जण असतील. त्यांच्या बोटांचे सांधे सुजलेले असतात, आठ मिलिमीटरचा मणी त्यांच्या चिमटीत थांबत नव्हता. दुकानात सगळे ‘आजींना हलकी, बारीक द्या’ म्हणतात. त्यांना बारीक माळेचा त्रास जास्त होतो. त्यांच्यासाठी मी दहा मिलिमीटरचे तुळशीचेच मणी निवडून घेतले, पण पूर्ण १०८ ओवले नाहीत. तेवढी माळ सव्वा मीटरच्या आसपास जाते, मांडीवर गुंतते, वजनही होतं. सत्तावीस मण्यांची स्मरणी करून दिली. चार फेऱ्या झाल्या की एक माळ. गाठी जरा मोठ्या मारल्या आणि दोरा जाड, मऊ सुती घेतला. आता त्या दुपारी खुर्चीत बसून स्वतःच्या स्वतः जप करतात, कुणाला हाक मारावी लागत नाही. प्रवासाला, दवाखान्यात रांगेत बसायलाही स्मरणीच बरी.

माळा मोजायला अंगठीसारखं घालायचं बटणाचं यंत्र हल्ली सगळीकडे मिळतं, शंभर रुपयांच्या आत. मंडळातल्या निम्म्या जणींकडे आहे. मंत्र मोजायला मला ते नको वाटतं. बटण दाबताना बोटाचं लक्ष आकड्याकडे जातं, आणि पहाटे त्याचा टकटक आवाज बाजूच्या माणसाला ऐकू येतो. किती माळा झाल्या हे मोजायला मात्र ते चालेल. मी त्यासाठी दहा मणी ओवलेली एक छोटी दोरी गोमुखीला बांधली आहे, एक माळ झाली की एक मणी खाली सरकवायचा. १०८चा जप हिशेबात शंभर धरतात, वरचे आठ चुकल्या-हुकल्याचे. रोज दहा माळा म्हणजे हजार. लाखाला शंभर दिवस. मंत्राच्या अक्षरांइतके लाख जप करायचे म्हटले तर तेरा लाखांना साडेतीन वर्षं. एवढं काम ज्या दोऱ्याकडून करून घ्यायचं आहे तो किती महत्त्वाचा, हे त्यावरून लक्षात यावं.

गोमुखी विकत घेऊ नका, शिवून घ्या. दुकानातल्या मखमलीच्या, जरीच्या गोमुख्या दिसायला छान असतात, पण सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात त्यात हात पाच मिनिटं ठेवला की घामानं भिजतो. जरीचं टोक आतून निघालं तर माळेचा दोरा त्यात अडकतो. मी मांजरपाटाच्या शिवते, आतली शिवण दुमडून, म्हणजे सुताचा धागा सुटत नाही. तोंड एवढं ठेवते की मनगट मोकळं राहील. धुता येते, वाळते, हात गार राहतो.

माळ तुटली की अनेक जणी घाबरून येतात, काही वाईट घडणार का म्हणून विचारतात. दोरा रोज घासतो म्हणून तुटतो. मी प्रत्येकीला हेच सांगते आणि तिच्यासमोर ओवायला घेते. स्वतः ओवणार असाल तर माळेच्या लांबीच्या निदान चौपट दोरा घ्या, गाठी बराच दोरा खातात. सुती दोऱ्याला मेण लावून घ्यावं. नायलॉनचा मजबूत असतो, पण त्याची गाठ घसरते, म्हणून टोकाला दोनदा मारावी. ओवण्याआधी प्रत्येक मण्याच्या भोकात सुई फिरवून कुसळ निघतंय का बघावं. तुळशीच्या मण्यांत ते हमखास निघतं. गाठ मारताना सुई गाठीच्या फासात ठेवून मण्यापर्यंत सरकवली की गाठ बरोबर मण्याला टेकते. एवढं करायला जमणार नसेल तर गावातल्या पटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने-माळा ओवून देणाऱ्याकडे, द्या. आमच्याकडे गाठीची माळ ओवायला ते ऐंशी ते शंभर रुपये घेतात आणि दोन दिवसांत देतात. देताना आणि परत घेताना मणी मोजून घ्या.